उजेड अडतोय

सकाळी साडेदहाला गहिनीनाथने चहाचा पहिला घोट घेतला आणि पडद्यावर त्याला रंगूआत्या दिसली. घोट गिळायचा राहून गेला आणि जीभ चांगली पोळली तेव्हा त्याला कळलं की आपण तोंडात चहा धरून बसलोय. पडद्याच्या डाव्या अंगाला चेहऱ्यांची रांग लागली होती. रुपयाएवढे गोल गोल चेहरे, आणि प्रत्येकाखाली पर्सन १, पर्सन २ असे नंबर. नव्या सॉफ्टवेअरने बावीस वर्षांपूर्वीची सत्तावन्न मिनिटांची लग्नाची फिल्म सहा मिनिटांत चाळली होती आणि तिच्यातली एकूण एक माणसं वेगळी काढून ओळीने मांडली होती. एकशे बारा माणसं. नवरी एक नंबरला, नवरा दोनला, भटजी सातव्या नंबरावर, आणि अडतिसाव्या गोलात, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, ओठ घट्ट मिटलेले अशी रंगूआत्या. आता यात दचकण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पोरीच्या लग्नात आत्या दिसणार नाही तर कोण दिसणार? पण ही फिल्म गहिनीनाथने स्वतः कापली होती, आणि रंगूआत्याची एक फ्रेम, सेकंदाचा पंचविसावा भागसुद्धा, त्याने तिच्यात ठेवला नव्हता.

त्याने कप खाली ठेवला. सावेडीतल्या तळमजल्यावरची ही खोली, खिडकीला काळं कापड लावलेली, एसी सोळावर, समोर दोन पडदे. बाहेर शाळेच्या बसेस, रिक्षा, कांदे-बटाटेवाल्याच्या टेम्पोवरचा भोंगा. आत मात्र बारा महिने लग्न. श्रीगोंद्यापासून शेवगावपर्यंतचे फोटोग्राफर त्याच्याकडे हार्ड डिस्क पाठवायचे, कुणी स्वतः आणून द्यायचा, कुणी एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. साडेतीन हजार लग्नं त्याच्या हाताखालून गेली असतील. डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर न बघता फिरायची. नवरीच्या डोळ्यात पाणी यायच्या आधी पाच फ्रेम कुठे कापायचं हे त्याला डोक्याने कळायच्या आधी अंगठ्याला कळायचं. पण ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चाललं, ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलेल्या करंगळीएवढ्या एका लॉकवर चालायचं, आणि मागच्या महिन्यात ते लॉक मेलं. नवीन मिळेना, कंपनीने हात वर केले. जिल्ह्यातल्या चाळीसेक एडिटरांची तीच गत होणार होती, आज ना उद्या. ग्रुपवर सगळ्यांचं एकच, 'गहिनीभाऊ, तुम्ही वापरून बघा, तुम्ही म्हणाल ते आपण सगळे घेऊ.' म्हणून तो गेला पंधरवडा एकेका सॉफ्टवेअरची तीस दिवसांची ट्रायल घेऊन वहीत दहापैकी मार्क देत बसला होता. कापणी, आवाज, रंग, वेग. नवी पोरं कंपनीने दिलेले समुद्रकिनारे आणि परदेशी नाच टाकून बघतात आणि वा वा करतात. गहिनीनाथला ते पटायचं नाही. नवी सुरी ओळखीच्या कांद्यावर चालवून बघावी, मगच तिची धार कळते, असं त्याचं म्हणणं. म्हणून ज्या फिल्मचा एकेक कट पाठ आहे तीच टाकायची. आणि सगळ्यांत पाठ असलेली फिल्म म्हणजे काष्टीचं हे लग्न, त्याच्या बहिणीचं, सुकन्याचं, त्याने आयुष्यात पहिल्यांदा कापलेलं.

रंगूआत्या म्हणजे आबासाहेबांची, गहिनीनाथच्या वडलांची, धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती काष्टीला माघारी आली ती कायमची. गहिनीनाथ नऊ वर्षांचा, सुकन्या दोन वर्षांची असताना त्यांची आई गेली. मग आईने जे जे करायचं असतं ते ते सगळं रंगूआत्याने केलं आणि आई म्हणवून घेतलं नाही. बाजारादिवशी त्याला शेव, सुकन्याला रिबीन, स्वतःला काही नाही. सुकन्याला ती 'बारके' म्हणायची. त्या बारकीच्या लग्नाची कॅसेट (सीडीच होती खरं तर, पण काष्टीत तेव्हा सगळे कॅसेटच म्हणत) कापायला गहिनीनाथ नगरला भाड्याच्या खोलीत बसला होता, तेव्हा आबासाहेब खास एसटीने आले. पाठीमागे उभे राहून बघत होते. हळद सुरू झाली तसे म्हणाले, "रंगू दिसतीया."

"दिसनारच की आबा."

"पाव्हनं बघत्याल कॅसेट. रांडाव बाईनं नवरीला हळद लावली म्हंत्याल. काढ तिला."

"कुटनं कुटनं काढू?"

"समद्यातनं," आबासाहेब म्हणाले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, चप्पल घालता घालता म्हणाले, "तिला काय कळतंय."

त्याने काढलं. चार दिवस घालवून काढलं. जिथे ती होती तिथे फुलं टाकली, कळस टाकला, बँडवाला टाकला. कापलेलं कळू नये हीच तर या धंद्यातली विद्या, आणि ती विद्या आपल्याला पहिल्याच फटक्यात आली याचा त्याला, खोटं कशाला बोला, अभिमान वाटला होता. मग घरापुढे टीव्ही मांडून सगळ्या गल्लीने कॅसेट बघितली. आत्या उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. संपल्यावर त्याच्यासाठी चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "लई ग्वाड झाली रं कॅसेट. म्या कुटं मदी तर आले न्हाई ना?" तो म्हणाला, "न्हाई आत्या, कुटंच न्हाई." "बरं झालं बाबा," असं म्हणून तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्या वाक्यावर तो पुढे कितीतरी वेळा जाऊन आला होता आणि दर वेळी त्याला हायसं वाटलं होतं. बिचारीला पत्ताच लागला नाही, आबा म्हणाले तेच खरं. पत्ता लागला तो सुकन्याला. माहेरपणाला आली तेव्हा तिने विचारलं, आत्या कशी कुठंच न्हाई? गहिनीनाथ म्हणाला, काकासाहेबाचा कॅमेराच तिकडं फिरला न्हाई. काकासाहेब म्हणजे कॅमेरावाला, श्रीगोंद्याचा. त्या बिचाऱ्याला या गोष्टीचा मागमूस नाही, पण गेली बावीस वर्षं दर दिवाळीला सुकन्या त्याच्या नावाने बोटं मोडते. "डोळ्यात माती पडली हुती का मेल्याच्या? घरात एक मानूस, ते दिसलं न्हाई त्याला?" आणि गहिनीनाथ करंजी खात मान हलवतो.

पाच वर्षांनी आत्या गेली. तिचा फोटो म्हणून कुठे नव्हता. मतदान कार्डावर होता तो नुसता काळा डाग, आणि तेही कार्ड तिच्या लुगड्यांबरोबर गेलं. आणि आता सुकन्याच्या पोरीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं होतं. रविवारी राहुरीहून सुकन्याचा फोन आला. "दादा, देवाम्होरं आईचा फोटू ठिवनार हाय, आबांचा ठिवनार हाय. मला आत्याचा पायजे. तिच्या फोटूला पयली हळद लावनार हाय मी, कुनाला काय म्हनायचं ते म्हनू दे. तुझ्याकडं त्या येळच्या कच्च्या कॅसेटी असत्याल. एखाद्या कोपऱ्यात, पाठमोरी, कशी बी असंल. बघशील?" तो म्हणाला, "बघतो. पन कच्च्या कॅसेटी तवाच पुसून परत वापरायचे गं लोक." हे जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या कॅसेटींबद्दल खरं होतं. कॅमेऱ्यातून निघालेली हळदीची एक न कापलेली कॅसेट मात्र त्याने पुसू दिली नव्हती. काकासाहेबाला पदरची नवी कोरी घेऊन दिली होती, आणि ती जुनी अजून या टेबलाच्या खालच्या खणात होती. का ठेवली, ते त्याला सांगता आलं नसतं. चार वर्षांपूर्वी ती त्याने डिस्कवर उतरवून घेतली आणि फाइल उघडली नाही. आणि आज दुपारी सुकन्या कापडबाजारात साड्या घ्यायला नगरला येणार होती, इथे येऊन जाते म्हणाली होती. आता तिला काय सांगायचं? फोटो द्यायचा तर बावीस वर्षांचं खोटं त्याच्याबरोबर बाहेर येणार. फोटो नाही म्हणायचं तर आत्याला दुसऱ्यांदा काढायचं. रात्रभर तो हाच विचार करत होता, आणि सकाळी काही न ठरवता कामाला बसला, तर ही पडद्यावर हजर.

त्याने पर्सन ३८ वर टिचकी मारली. खाली फिल्मच्या लांब पट्टीवर लाल खुणा उमटल्या. अकरा. फिल्मभर विखुरलेल्या. पहिल्या खुणेवर तो गेला. रुखवतातलं कपाट, त्याच्या आरशात मांडव, आणि मांडवाच्या कडेला ती. चार फ्रेम. दुसऱ्या खुणेवर जेवणाची पंगत, वाढप्यांच्या दोन खांद्यांच्या फटीत तिचं तोंड. पाच फ्रेम. नवरदेवाच्या घोड्यामागे, लगामाच्या वर, तीन फ्रेम. पाठवणीच्या जीपच्या काचेत. मांडवाचं निळं कापड वाऱ्याने उडालं त्याच्या मागे. सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा, धावत्या फिल्ममध्ये कुणाच्या डोळ्याला सापडायची नाही. त्याच्याही सापडली नव्हती, आणि त्याचा डोळा म्हणजे जिल्ह्यात नावाजलेला. बरं, राहून गेली असेल नजरचुकीने, माणूस आहे, पहिलंच काम होतं. एवढ्यावर त्याचं समाधान झालं असतं. पण सातव्या खुणेपाशी त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक ठिकाणी ती कॅमेऱ्याकडे बघतेय. लग्नात बायका नवरीकडे बघतात, अक्षता टाकताना नवरदेवाकडे बघतात, कॅमेरा दिसला की लाजतात, हसतात, तोंड फिरवतात. ही सरळ बघत होती. आरशातून, काचेतून, माणसांच्या फटीतून, थेट भिंगात. डोळे बारीक करून, दम धरून. कुणाचा तरी माग ठेवावा तसं.

चेहऱ्यांची छाननी आणखी काटेकोर करायचं एक बटण होतं, ते त्याने दाबलं. एक-दोन खुणा चुकीच्या निघतील, आत्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी म्हातारी निघेल, असं त्याला वाटलं. काटा फिरला आणि अकराच्या बारा झाल्या. बारावी अगदी शेवटी होती, 'शुभं भवतु' या अक्षरांच्या मागे, रिकाम्या मांडवात. सतरंज्या गुंडाळून झालेल्या, खुर्च्या टेम्पोत चढलेल्या, आणि लांब पाण्याच्या टाकीजवळ ठिपक्याएवढी ती. तिथूनही बघत होती. गहिनीनाथने दुसरा पडदा बंद केला. एसीही बंद केला, मग उकडायला लागलं म्हणून परत लावला. मेलेल्या माणसाला मशीनने ओळखलं यात काय एवढं, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि आपलाच आवाज खोलीत ऐकून त्याला बरं वाटण्याऐवजी वाईट वाटलं. वहीत 'चेहरे ओळखणे' असा रकाना त्याने पाडला होता. त्यापुढे पेन टेकवलं आणि मार्क न देता उचललं.

त्याच्या खालचा रकाना होता, 'नको तो माणूस काढणे.' याला आपल्याकडे मागणी फार. लग्न होतं, सहा महिन्यांत बांधावरून भाऊबंदकी पेटते, आणि लोक हार्ड डिस्क घेऊन येतात, भाऊ, तेवढा चुलता काढा. कधी साडूचं तोंड नको असतं, कधी सोयरीक मोडलेला जावईच. पूर्वी आख्खा शॉट उडवावा लागे. आता म्हणे माणसाभोवती रेघ ओढली की माणूस तेवढा जातो आणि मागची भिंत, झाड, मांडव आपोआप भरून येतो. हे बघायला कुठलाही चुलता चालला असता. पण गहिनीनाथचा हात चार वर्षं न उघडलेल्या फाइलवर गेला. कामच आहे, ओळखीच्या कांद्यावर, असं मनाशी म्हणत त्याने हळदीची कच्ची कॅसेट उघडली आणि तो शॉट पट्टीवर ओढला. सत्तावीस सेकंद. पहाट फुटायची होती. न्हाणीपुढचा दगड, पाटावर पिवळ्या साडीतली वीस वर्षांची सुकन्या, सवाष्णी अजून यायच्या होत्या. काकासाहेबाने कॅमेरा नुसता चालू करून बघितलेला, आणि लाईट धरून उभा असलेला स्वतः गहिनीनाथ, चौकटीच्या बाहेर. लाऊडस्पीकरचं गाणं इतकं कर्कश की बाकी काही ऐकू येत नाही. डावीकडून रंगूआत्या येते, इकडे तिकडे बघते, ताटलीतली हळद बोटावर घेते आणि बारकीच्या गालाला लावते. काहीतरी बोलते. दोघी हसतात. त्याने आवाज बारीक केला आणि आत्याच्या भोवती रेघ ओढली. पदर, खांदा, कोपर, हात. हाताशी आल्यावर त्याची बोटं जरा थांबली, मग हातही घेतला. बटण दाबलं.

चाळीस सेकंदांत आत्या गेली. सफाई अशी की गहिनीनाथसारख्या माणसाने मान डोलवावी. न्हाणीचा दगड, त्यामागची कुडाची भिंत, भिंतीवर टांगलेली घमेली, सगळं जिथल्या तिथे. जणू तिथे कधी कुणी उभंच नव्हतं. त्याने शॉट सुरू केला. पाटावर सुकन्या एकटी बसलेली आहे. ती डावीकडे वर बघते, तिथे कुणी नाही. ती गाल पुढे करते. आणि त्या गोऱ्या गालावर, कुणीही काही न लावता, हळद येते. आधी एक बोट, मग दुसरं, मग गालाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली उतरत जाते. सुकन्या रिकाम्या जागेकडे बघून हसते. मग तिचं तोंड वाकडं होतं, ती मान कलती करून हवेत टेकवते, आणि हवेत टेकलेली ती मान पडत नाही. तशीच राहते, हुंदके देत, काहीही नसलेल्यावर रेललेली. मग कशाने तरी दचकून ती सरळ होते. शॉट संपला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, कारण ट्रायलमध्ये तो फिरत राहायचा. गहिनीनाथ बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी, आणि तरी डोळे हलत नव्हते. सात वेळा, आठ वेळा हळद आली. शेवटी काहीतरी करायचं म्हणून त्याने तिसरं बटण दाबलं. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढायचं. हे कामाचं होतं, बँडच्या आवाजात बापाचा आशीर्वाद ऐकू येत नाही अशी तक्रार दर लग्नात असते. पट्टी भरू लागली. दोन टक्के. तीन टक्के.

आणि दाराची बेल वाजली. सुकन्या पिशव्यांसकट आत आली. रिक्षावाल्याला शिव्या घालत, घाम पुसत, "उन्हाचा कहर हाय बाबा," म्हणत. तिने पिशव्या सोफ्यावर टाकल्या आणि सरळ त्याच्या खोलीत येऊन मागच्या खुर्चीत बसली, नेहमी बसते तशी. पडदा बंद करायला त्याला वेळ होता. एक कळ, डाव्या करंगळीखालची. त्याने ती दाबली नाही. का नाही, ते त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही.

"अगंबया, ही मी?" ती खुदकन हसली. "काय काडी हुते रं! हाडं दिसत्यात नुसती." मग गाल पुढे झाला, हळद आली, हसू आलं, मान कलली. शॉट फिरून पहिल्यापासून लागला. दुसऱ्यांदा हळद आली तेव्हा तिचा हात आपल्या गालावर गेला होता आणि तिथेच राहिला.

"दादा," ती म्हणाली. "हितं आत्या हाय."

पडद्यावर भिंत होती, घमेली होती.

"ही आत्या हाय. हितं हुबी हाय ती. तिच्या खांद्यावर हाय माझं डोस्कं." ती खुर्ची ओढून पडद्याजवळ आली, आणि रिकाम्या भिंतीवर बोट ठेवलं, बरोबर जिथे खांदा होता तिथे. "तू तर म्हनला हुतास कॅमेरा तिकडं फिरलाच न्हाई."

सबबी तयार होत्या. सॉफ्टवेअर नवीन आहे, ट्रायल आहे, काहीबाही करतं. त्या सगळ्या त्याच्या जिभेवर आल्या, आणि जीभ सकाळपासून पोळलेली होती. "मी काढली," तो म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ता बी. आन् तवा बी. आबा म्हनले हुते." हे शेवटचं त्याने घाईने जोडलं, बावीस वर्षं घोकून ठेवलं होतं तसं.

ती काही बोलायच्या आत पट्टी भरली. लाऊडस्पीकरचं गाणं एकदम, गळा दाबल्यासारखं, बंद झालं आणि खोलीत काष्टीची ती पहाट आली. कुठे तरी बादली आपटली. बांगड्या. चुलीत लाकूड तडतडलं. पडद्यावर सुकन्या एकटीच पाटावर बसलेली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेतून, अगदी जवळून, रंगूआत्या म्हणाली, "माज्या हातची बी घे गं बारके. सवाष्नी यायच्या आदी." गालावर हळद आली. हसणं. हुंदका. आणि मग, माइकच्या इतक्या जवळून की दोघंही दचकली, एक तरुण, अंमळ चिडका आवाज, "आत्या, मागं सर. उजेड अडतोय."

"कोन हे?" सुकन्या म्हणाली.

गहिनीनाथलाही क्षणभर कळलं नाही. सत्तावीस वर्षांच्या पोराचा आवाज होता, त्याने कुठे तरी ऐकलेला. मग कळलं. आबासाहेब कॅसेट बघायला नगरला आले ते लग्नानंतर पंधरा दिवसांनी. ही हळदीची पहाट होती. अजून कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"मीच," तो म्हणाला.

सुकन्या त्याच्याकडे बघेना. पडद्याकडेच बघत होती. "आन् तिला," ती म्हणाली. "परत आन."

त्याने काढलेलं उलटवलं. आत्या आली. चौकडीचं लुगडं, पदर, कोपर, हात. शॉट पुन्हा सुरू झाला, आता आत्यासकट, आवाजासकट, आणि गहिनीनाथ तो बघू लागला जसा तो साडेतीन हजार लग्नं बघत आला होता, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते. उजेड उजवीकडून येत होता. आत्या डावीकडे उभी होती. तिची सावली मागे कुडावर पडली होती. बारकीच्या तोंडावर कणभरही अंधार नव्हता. कसला उजेड आणि कसला अडतोय! पडद्यावरची आत्या मात्र आवाज ऐकून चमकली. हात गालावरून उचलला. तिने वर बघितलं, कॅमेऱ्याकडे, त्याच्या शेजारी लाईट धरून उभ्या असलेल्या भाच्याकडे. हसू होतं ते आवरलं, पदर पुढे ओढला, आणि मागे न वळता एक एक पाऊल मागे सरत चौकटीच्या बाहेर गेली. जाताना शेवटपर्यंत बघत होती, बरोबर कुठपर्यंत सरलं म्हणजे आपण दिसणार नाही, ते.

आणि मग त्या बारा खुणा. पंगतीत, घोड्यामागे, जीपच्या काचेत. ती कुणाचा माग ठेवत नव्हती. दोन दिवस, आख्ख्या लग्नभर, ती एवढंच बघत होती की कॅमेरा कुठे आहे, म्हणजे वेळेत बाजूला होता येईल. लग्नात तिने बारकीला बघितलंच नसेल. म्या कुटं मदी तर आले न्हाई ना, असं तिने विचारलं होतं, आणि त्याने सांगितलं होतं, कुटंच न्हाई. गहिनीनाथला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस, पोरासारखा, नाक वाहेपर्यंत. "सुके, तिला कळलं हुतं गं," तो म्हणाला. "तिला पयल्यापासनं कळलं हुतं."

सुकन्या रडली नाही. तिने त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. शॉट फिरून सुरू झाला होता. हळद, हसू, उजेड अडतोय, आणि आत्या पुन्हा मागे सरू लागली, पदर ओढत, दाराच्या दिशेने.

"थांबव," सुकन्या ओरडली. "दादा, थांबव तिला!"

अंगठा कीबोर्डवर पडला. जो अंगठा कधी एक फ्रेम चुकला नव्हता, तो चुकला. पडद्याच्या कडेला पदराचा कोपरा आणि अर्धा डोळा उरला होता, तोही जुन्या कॅसेटीच्या आडव्या रेघांनी फाटलेला. सुकन्याने त्याच्या मनगटाला धरलं. तिची बोटं गार होती. तेव्हा गहिनीनाथने डाव्या बाणाची कळ दाबली. एक फ्रेम. आणखी एक. अर्ध्या डोळ्याचा डोळा झाला. आणखी एक. तो डोळे पुसायला थांबला नाही. कळ दाबत गेला, आणि दाबत गेला तशी रंगूआत्या, पाठीमागच्या दाराकडून, एकेक पाऊल, चौकटीत परत येऊ लागली. पदर आपोआप मागे सरला. कपाळ दिसलं. मिटलेले ओठ सुटले, गेलेलं हसू परत आलं, आणि हात वर उठून बारकीच्या गालाला लागला.

"हां," सुकन्या म्हणाली. "हितंच. हितंच ऱ्हाऊ दे तिला."